टाक्यातली मरळ

साकोलीच्या आमच्या घरी मरळ आली तेव्हा ती नारिंगी होती. काळी मरळ बाजारात पाहणाऱ्यांना हे पटत नाही. पण तिची पिल्लं काही आठवडे लालसर-नारिंगी असतात, घोळक्यानं पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. बोडीत असा नारिंगी डाग सरकताना दिसला की ढिवर समजतात, मोठी जोडी जवळच आहे. बाबांनी त्यातली ओंजळभर पिल्लं आणून अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडली. कॅलेंडरवरच्या विदूषक माशाचा रंग आपल्या अंगणात, म्हणून आम्ही पोरं खूश! त्या माशाला खारं पाणी आणि समुद्रफुलाच्या विषारी स्पर्शकांचा आसरा लागतो. भंडारा जिल्ह्यात तो कुठून यावा?

रंग टिकला नाही, संख्याही नाही. जरा वाढलेलं पिल्लू लहान भावंडालाच गिळतं. दिवाळीपर्यंत एकच उरली. काळपट पाठ, मळकट पांढरं पोट, कुशीवर तिरपे पट्टे, गोल शेपूट आणि मोठ्या खवल्यांचं सापासारखं डोकं. आई गांडूळ घेऊन आली की ती काठाशी येई. आम्ही गेलो तर तळाशी.

दर थोड्या वेळानं ती वर येऊन हवेचा घोट घेई. कल्ल्यांच्या वर तिला हवा धरून ठेवायची पोकळी असते. वर येता आलं नाही तर ही मासोळी पाण्यातच गुदमरते. म्हणून टाक्यावर फळी चालेना. उघडं ठेवलं तर पहिल्या पावसाच्या रात्री बाईसाहेब उडी मारून तुळशीपाशी. ओल्या मातीवर अंग वळवत जात होती. मग वर जाळी आली.

तिचं खरं घर म्हणजे मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी बांधलेले, मालगुजारी गेल्यावर १९५०च्या दशकात सरकारकडे आलेले. देवधान, कमळ, शिंगाडा आणि गाळ, मरळीला हेच हवं. तलाव आटला तरी ओल्या गाळात ती तग धरते. रोहू-कटल्याचं बीज टाकणारे तिला वैरी मानतात. बीज ती खाते, हे खरं. पण तलाव रोहूच्याच नावावर कोणी केला, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात टाकं तिला अपुरं पडू लागलं. ओळखीच्या ढिवर काकांनी ती पाहिली, हातानं लांबी मोजली आणि म्हणाले, "बाई, आता खा, नाहीतर सोडा." आईनं बाबांना बादली दिली.

महिन्याभरात टाक्यात डासांच्या अळ्या झाल्या. बाबांनी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. अळ्या गेल्या. आई रोज गांडूळ घेऊन काठाशी उभी राहून पाही. शेवटी म्हणाली, "हे काही कोनाले वळखत नाहीत जी. मले एक मरळ आणून द्या."