एका घरात दोन राखणदार

२००८ सालच्या वैशाखात हातकणंगल्यातील आमच्या घरचा संगणक गोठू लागला. बाहेर अंगाची लाही होत असताना यंत्राविषयी 'गोठणे' हे क्रियापद वापरावे लागावे, यातला विनोद तेव्हा आम्हांला जाणवला नाही. कारण त्या यंत्रात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, चारशेच्या वर. आई जाऊन सात वर्षे झाली होती. तिच्या तोंडून उतरून घेतलेल्या दोन वह्यांना वाळवी लागल्याचे ध्यानात आले, तेव्हा पानांचे तुकडे जुळवीत आम्ही त्या टंकित करू लागलो. भारनियमन संपले की रात्री बसायचे, दहा-बारा ओव्या उतरवायच्या, पाठभेद नोंदवायचे, असा क्रम होता. उतरवून झालेले पान बहुधा हातातच भुगा होई. म्हणजे मूळ प्रत संपत होती आणि नवी प्रत एकाच यंत्रात होती.

लक्षणे अशी : यंत्र सुरू होताच पाच-सात मिनिटे काहीच हलत नसे. मग एखादी फाइल उघडावी, तर पडद्यावर वाळूचे घड्याळ उभे राही आणि उभेच राही. शंका आली ती विषाणूची. घरी येणारे विद्यार्थी आपले निबंध पेनड्राइव्हवर आणीत, आणि त्या काळी निबंधाबरोबर आणखी काय येईल याचा नेम नसे. एक विषाणूरोधक आज्ञावली आम्ही विकत घेऊन बसवलेली होतीच. तिच्या जोडीला दुसरी, फुकट मिळणारी, बसवली. दाराला एका कुलपापेक्षा दोन बरी, इतका साधा तो विचार होता. त्यानंतर यंत्र जे थिजले, ते वीज तोडल्याखेरीज जागचे हलेना. असे तिसऱ्यांदा केले तेव्हा ओव्यांची फाइल जतन होत होती, हे आम्हांला नंतर कळले.

इचलकरंजीहून दुरुस्तीला आलेल्या तरुणाने यंत्र प्रथम 'सेफ मोड'मध्ये सुरू केले. त्या अवस्थेत विंडोज केवळ स्वतःच्या अत्यावश्यक भागांवर चालते. बाहेरून बसवलेले बहुतेक सारे बाजूला राहते. यंत्र सुरळीत चालले. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, आम्ही त्यात आणून बसवलेल्या कशाचा तरी होता. मग त्याने यादी पाहिली आणि हसून विचारले, "सर, दोन-दोन राखणदार कशाला ठेवलाईसा? त्येंचं त्येंच्यातच लागलंय की!"

खरोखरच तसे होते. विषाणूरोधक आज्ञावली कार्यप्रणालीच्या उंबरठ्यावर बसते. उघडली जाणारी प्रत्येक फाइल आधी तिच्या नजरेखालून जाते. अशा दोघी एकाच उंबरठ्यावर बसल्या, की एकीने तपासण्यासाठी उघडलेली फाइल दुसरी तपासू लागते, आणि दोघी परस्परांच्या निकालाची वाट पाहत बसतात. शिवाय प्रत्येकीजवळ ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी असते; ती यादीच दुसरीला विषाणूंचे वारूळ वाटू शकते. विषाणूची उपस्थिती यासाठी मुळीच आवश्यक नाही. आमच्या यंत्रात तो सापडलाही नाही.

तरुणाने फुकटची आज्ञावली काढली. नेहमीच्या मार्गाने काढूनही तिचे काही अवशेष उरले होते. तेही तिच्याच निर्मात्यांनी दिलेल्या साधनाने साफ केले. यंत्र मोकळे झाले. आम्ही ओव्या उघडल्या आणि पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि अगम्य चिन्हे यांची रांग उमटली.

युनिकोड घरोघर रुळण्यापूर्वीची ती फाइल. जुन्या टंकांत मराठी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असे. टंक गेला की चित्र जाई आणि मागे जागा उरे. आमचा टंक पुरवणारी आज्ञावलीच राखणदाराने कोंडून ठेवली होती. त्या कोंडवाड्याला २०२० नंतर घरोघरी माहीत झालेला शब्द वापरायचा तर, ती 'विलगीकरणात' होती. तिचा अपराध काय? कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ ती मध्येच अडवून घेई आणि तिचे मराठी अक्षर करी. पासवर्ड चोरणाऱ्या आज्ञावल्याही कळा अशाच मध्ये अडवतात. ओळखीची खूण नसली, तर केवळ वर्तनावरून संशय घ्यायचा, हा राखणदारांचा दुसरा नियम. त्या नियमाने आमचे मराठी लिहिणेच संशयित ठरले होते.

मराठीच्या अभ्यासकाला अशा वेळी महानुभावांची सकळ लिपी आठवल्यावाचून राहत नाही. ग्रंथांच्या रक्षणासाठी घडवलेली ती सांकेतिक लिपी इतकी चोख ठरली, की पंथाबाहेरच्यांना हे वाङ्मय शतकानुशतके बंद राहिले, पुढे वि. का. राजवाडे यांनी तिची उकल केली. रक्षण आणि बंदिवास यांच्यात अंतर फार थोडे असते. त्याच पंथाची दुसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी तो ग्रंथ आठवणींतून पुन्हा सिद्ध केला, असे परंपरा सांगते. त्याचे पाठ अनेक झाले, पण ग्रंथ उरला.

राखणदाराचा हा दोष घरगुती यंत्रांपुरता नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका नव्या यादीने विंडोज एक्सपीचीच एक मूलभूत फाइल विषाणू ठरवली आणि जगभरचे असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद पडत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनाने विमानतळ आणि रुग्णालये अडली; मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे त्यात सापडली. दोन्ही वेळा शत्रू कोणीच नव्हता. एक गोष्ट मात्र सुधारली आहे : आजच्या विंडोजमधला अंगभूत डिफेंडर, दुसरा राखणदार आला की, सामान्यतः आपणहून बाजूला होतो.

तरुणाने टंकाची आज्ञावली सोडवली, तिचे नाव अपवादांच्या यादीत घातले, आणि अक्षरे परत आली. मोडलेल्या फाइलची आदल्या दिवशीची प्रत त्याने शोधून काढली. गेल्या त्या शेवटच्या रात्री उतरवलेल्या अकरा ओव्या. त्यांचे पान तोवर केरात गेले होते. पुढे आम्ही उरलेल्या सगळ्या युनिकोडमध्ये आणल्या, एक प्रत कागदावर काढली, एक मिरजेला बहिणीकडे ठेवली. यंत्रात राखणदार आता एकच आहे.

बहिणीला त्या अकरांबद्दल विचारले. दोन तिला येत होत्या. पैकी एक आमच्या आठवणीतल्याहून निराळी. आम्ही दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत. उरलेल्या नऊ आईच्याच.