गंगाधरपंतांची आगगाडी

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यास निवर्तले. शाळा उघडताच त्यांचे काहीतरी मुलांस वाचून दाखवावे असे मनात आले, आणि पावसामुळे निम्मा वर्ग रिकामा असलेल्या एका दिवशी मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा हाती घेतली.

ज्या पालकांनी ती वाचली नसेल त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांस गोळी लागली, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पडतात, की जेथे ती गोळी कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले, आणि इंग्रजांच्या हाती काय ती मुंबई उरली, तीही भाडेपट्ट्याने. पुण्याहून निघालेल्या जिजामाता एक्सप्रेसमध्ये सरहद्दीच्या स्थानकावर प्रवाशांचे परवाने तपासले जातात, आणि दादर मागे टाकून ती एकदम व्हिक्टोरिया टर्मिनसलाच थांबते.

"सर, म्हणजे भायखळ्यावरून गेली आणि थांबली नाही!" मागच्या बाकावरून तक्रार आली.

कथेविषयी मते मात्र नाना प्रकारची पडली. इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांचा नाद असलेल्या एका मुलास ती फिकी वाटली. मंत्र नाही, ताईत नाही, मग दुसऱ्या जगात जायचे कसे? त्यावर एका मुलीने उत्तर दिले, की पंतांच्या खिशात राहिलेले बखरीचे फाटके पान हाच ताईत. मला हे पटले. खरे सांगायचे तर शेवटी येणारे पदार्थविज्ञानाचे विवेचन मला थोडे लांबलेले वाटते. ते पान एकटेच पुरेसे होते.

एका विद्यार्थ्याचे वडील रेल्वेत आहेत. त्यांनी ती कथा एका रात्रीत दोनदा वाचली. "एकदा तरी जिंकलो," एवढेच ते म्हणाले. ह्यात हसण्यासारखे काही नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत असे सांगणारा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याच्यामागे जाणारे लोक निघालेच. अखेर १७७६ साली त्याचा शेवट झाला. हरलेली लढाई मनात पुनः लढण्याची हौस नारळीकरांपूर्वीच आपल्या लोकांत होती.

परंतु ज्या प्रश्नाने माझी झोप उडविली तो एका शांत मुलीचा होता. "सर, त्या जगात आपली शाळा असती का?"

मी उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलले. रात्री हिशेब मांडला. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. मुंबई त्या जगातही इंग्रजांचीच, तेव्हा भायखळ्यास मिशनची शाळा कदाचित निघालीही असती. पण त्याच मिशनचे ठाणे अहमदनगरास झाले ते १८३१ साली, पेशवाई जाऊन तेरा वर्षांनी. नगर सरहद्दीच्या पलीकडे! माझ्या पणजोबांनी नगरकडील मिशनच्या शाळेतच पहिले अक्षर गिरविले. गावच्या शाळेत त्यांस ओटीवरही बसू देत नसत. मग तो विजय मी कोणत्या तोंडाने मागावा? आणि परक्यांचे राज्य आले म्हणून मी पदवीधर झालो, हे तरी कोणत्या तोंडाने सांगावे?

वर्गात हे सारे जसेच्या तसे सांगितले. एका मुलाने आठवण दिली, की कथेतील पेशव्यांनी विज्ञानकेंद्रे काढली होती, पुढे लोकांनी निवडलेले राज्यही आले होते. खरे आहे. त्याच मुलाची आई पालकसभेस आली, तेव्हा मात्र तिने हळूच विचारले, "सर, त्या केंद्रात तुमच्या पणजोबांना आत घेतलं असतं का हो?" कथा ह्याविषयी काही सांगत नाही, आणि मलाही काही सांगता आले नाही.

गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरील त्या तक्रारखोराने एक कागद आणून दिला. त्यात जिजामाता एक्सप्रेस भायखळ्यास थांबते. नगरकडचा एक पोरगा उतरतो. त्याच्यापाशी परवाना नाही, काखेत पाटी मात्र आहे. तपासनीस काय करतो ते अजून लिहावयाचे आहे, असे लेखक म्हणतात.