बल्ब नव्हे, वायर बघा

मंडळी, आज निवडणुकीवर लिहीत नाहीये, नगरपालिकेवरही नाही. आज गाडीच्या हेडलाइटवर लिहितोय. हसू नका. पोस्ट मोठी आहे, पण रात्री-अपरात्री रस्त्यावर असणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. पिकअपवाल्यांनी तर नक्कीच.

माझा मावसभाऊ सावद्याकडचा. स्वतःची पिकअप आहे, केळी वाहतो. गाडीला दहा वर्षं होऊन गेली. दिवसा मळ्यातून माल भरायचा, संध्याकाळी वजन-काटा, रात्री निघायचं आणि पहाटे बाजार उजाडायच्या आत धुळ्यात पोहोचायचं. आपल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या शेकडो पोरांचं हेच वेळापत्रक आहे. केळी रात्रीच चालतात. ऊन लागलं तर माल पिकायला लागतो आणि भाव पडतो.

मागच्या डिसेंबरात मला सकाळी धुळ्यात काम होतं. म्हटलं, एसटीची वाट बघण्यापेक्षा भावासोबत जावं. अकराच्या सुमाराला निघालो. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, बांभोरीचा पूल, पाळधी, एरंडोल. थंडी कडाक्याची, काचा बंद. भाऊ सांगत होता, "दादा, लाईटचा लई त्रास होता. लाईट कसली, पणती. महिन्यापूर्वी शंभर वॅटचे बल्ब टाकले. पहिले चार दिवस एकदम झकास. आता परत पिवळं दिसायला लागलं."

एरंडोल सोडून पारोळ्याकडे निघालो आणि केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मी म्हणालो, काहीतरी जळतंय. तो म्हणाला, बाहेर कोणी कचरा पेटवला असेल. पुढच्याच मिनिटाला दोन्ही हेडलाइट एकदम गेले.

ते दोन-तीन सेकंद मी विसरू शकत नाही. मागे दीड टन माल, समोर नुसता काळोख. रस्ता कुठे, कडा कुठे, काही कळेना. भावाने ब्रेक दाबत दाबत, अंदाजाने गाडी डावीकडे घेतली. थांबलो. मोबाईलची बॅटरी लावून खाली उतरलो आणि पायातलं बळच गेलं. वीस-पंचवीस फुटांवर कापसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॅक्टरवाला टायर बदलत होता. ट्रॉलीवर दोन बाया झोपलेल्या.

उजाडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. शेकोटी केली, ट्रॉलीच्या मागे बाभळीची फांदी टाकली. दुसरं काय करणार?

सकाळी धुळ्यात माल उतरवला आणि पारोळा रोडला एका वायरिंगवाल्याकडे गाडी लावली. साठीचा माणूस, डोळ्याला जाड चष्मा. त्याने बोनेट उघडलं, बल्बचा होल्डर बाहेर ओढला. काळा पडून वितळलेला. स्विचकडून येणारा जोडही तसाच. त्याने शंभरचे बल्ब काढून बाजूला ठेवले, साधे साठ-पंचावन्नचे लावले, जोड तात्पुरता केला, इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्बच्या पिनवर ११.६.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बल्बमा खोट नई शे, दादा. खोट वायरमा शे. पाइपच बारीक शे, ते पाणी कोठून येई?"

आपण ठिबकवाली माणसं. शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नसेल तर आपण पंपाला शिव्या देत नाही, आधी नळी बघतो. गाडीत मात्र नेमकं उलटं करतो. उजेड कमी झाला की सरळ मोठा बल्ब.

आता जरा तांत्रिक सांगतो, पण सोप्यात. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा पूर्ण करंट बॅटरीतून निघून आधी स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये जातो, तिथून परत फिरून पुढे बल्बपर्यंत येतो. लांब फेरा आणि बारीक वायर. दोन्ही बल्ब मिळून जवळपास १० अँपिअर ओढतात. वर्षानुवर्षं धूळ, पाणी, गंज. प्रत्येक जोडाला थोडे थोडे व्होल्ट सांडतात. आणि हॅलोजन बल्बचं गणित विचित्र आहे. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० टक्के नाही, साधारण ३० टक्के कमी होतो. आमच्या गाडीत सव्वादोन व्होल्ट वाटेतच जात होते.

त्याच बारीक वायरवर शंभर वॅटचा बल्ब टाकला की करंट वाढतो. करंट वाढला की गळती वाढते आणि वायर तापते. पहिले चार दिवस झकास वाटतं, मग होल्डर वितळायला लागतो. आमचं हेच झालं.

त्याने उपाय केला तो असा. बॅटरीपासून नवीन जाड तांब्याची वायर घेतली. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला. हे महत्त्वाचं आहे, कारण फ्यूज लांब असेल आणि मधे वायर घासून बॉडीला लागली तर गाडी पेट घेऊ शकते. मग दोन रिले बसवले, एक डिपरला, एक अप्परला. रिलेवर आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीची वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुनी स्विचची वायर आणि ८५ अर्थिंगला. बल्बचं अर्थिंगही नवीन केलं, बॉडीचा रंग खरवडून, घट्ट बोल्टने. होल्डर सिरॅमिकचे टाकले. जोड नुसते पिळून टेप नाही मारली, नीट क्रिंप केले, वर स्लीव्ह चढवली.

आता स्विचमधून फक्त रिले चालू करण्यापुरता किरकोळ करंट जातो. तो म्हणाला, "आधी साहेब सोता पोतं वाहे. आते साहेब फक्त हुकूम देस."

परत मीटर लावला. बल्बवर १३.४. बल्ब तेच, साधे साठ-पंचावन्नचे. पण आधी ११.६ वर जो उजेड मिळत होता, तो आत्ताच्या साठ टक्क्यांच्या आसपासच होता. म्हणजे जवळपास चाळीस टक्के उजेड भाऊ इतकी वर्षं वायरमध्ये जाळत होता. खर्च सामान-मजुरीसह अकराशे पन्नास रुपये.

आता थोडं माझ्याबद्दल.

वीस वर्षं बातम्या लिहितोय. अपघाताची बातमी कशी लिहायची हे हाताला पाठ आहे. "चालकाचा ताबा सुटल्याने." "अंधाराचा अंदाज न आल्याने." "उभ्या ट्रॉलीवर मागून आदळल्याने." किती वेळा लिहिलं असेल! तरसोद-फागणे चौपदरीकरण रखडल्याच्या बातम्या दिल्या, जळगावच्या समांतर रस्त्यांच्या आंदोलनाच्या दिल्या, खड्ड्यांचे फोटो छापले. ते सगळं बरोबरच होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईची गाडी मध्यरात्री उलटली. रावेर तालुक्याकडचे किमान १५ मजूर गेले. त्या बातम्या आजही आठवल्या की पोटात गोळा येतो. त्या अपघाताला दिवा कारणीभूत होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण वीस वर्षांत एकाही अपघातानंतर मी पोलिसांना किंवा आरटीओला साधा प्रश्न विचारला नाही की गाडीचे दिवे कसे होते? "अंधाराचा अंदाज" का आला नाही? हे मी विचारायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. धुळ्याहून परतताना भाऊ म्हणाला, "दादा, राग येऊ देऊ नको. पण तुझी गाडी समोरून आली ना, तर मला फक्त पांढरं दिसतं. रस्ता दिसत नाही."

माझ्या कारमध्ये मी वर्षापूर्वी पांढरेशुभ्र एलईडी बल्ब टाकले होते. हॅलोजनच्याच काचेत. मला तर रस्ता लख्ख दिसायचा. समोरचे डिपर मारायचे, मला वाटायचं त्यांनाच गाडी चालवता येत नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं. हॅलोजनच्या डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती उजेड वर जाऊ देत नाही. दिव्याचा आरसा त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे भलत्या मापाचा एलईडी बसवला की उजेड पसरतो आणि सरळ समोरच्याच्या डोळ्यात जातो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. दोन सेकंद डोळे दिपले तर समोरच्याची गाडी ३३ मीटर आंधळी धावली. त्या ३३ मीटरमध्ये कापसाची ट्रॉली असू शकते. त्यावर झोपलेल्या बाया असू शकतात.

म्हणजे चाललंय काय? ज्याची वायर जुनी, त्याला दिसत नाही म्हणून तो मोठा बल्ब टाकतो. त्याच्यामुळे समोरच्याला दिसत नाही, म्हणून समोरचा आणखी मोठा टाकतो. पायी चालणारा, सायकलवाला, बैलगाडीवाला यांना तर कोणी विचारतच नाही. सगळ्यांकडे उजेड वाढलाय आणि रस्त्यावर दिसायचं कमी झालंय.

कायदा नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये स्पष्ट आहे की दिव्याचा झोत खाली झुकलेला असावा, ८ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे दीड मीटर उंचीवर दिपू नयेत. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दिवशी दिवा "लागतो की नाही" एवढं बघून भागत नाही. झोत कुठे पडतो हेही बघा. आणि केळी-कापूस-उसाच्या हंगामात चलनं फाडायच्या आधी आठवडाभर मोफत तपासणी ठेवा. ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावा. बाजार समित्या आणि साखर कारखाने गेटवरच हे करू शकतात. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला मी याचं निवेदन देणार आहे. सोबत यायचं असेल तर कळवा.

तोपर्यंत आपल्या हातातलं आज रात्रीच करा.

गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडायला हवी. पिकअपवाल्यांनी हे माल भरल्यावर परत बघा. मागे वजन पडलं की तोंड वर होतं आणि तुमचा डिपरच अप्पर होतो. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिवा वर-खाली करायचं चाक असतं. भावाने दहा वर्षांत त्याला हात लावला नव्हता.

उजेड पिवळा, मंद वाटत असेल तर बल्ब घेण्याआधी मीटर लावायला सांगा. बॅटरीवर किती आणि बल्बवर किती. फरक एका व्होल्टच्या वर असेल तर वायरिंग करून घ्या. जाणत्या माणसाकडूनच. कंपनीने दिलेल्या वॅटच्या वर जाऊ नका.

मी माझे एलईडी त्याच आठवड्यात काढले. जुने हॅलोजन परत बसवले, त्यालाही रिले टाकले. परवा रात्री भुसावळ रोडला समोरून एक पिकअप आली. केळीचीच असावी. मी डिपर दिला, त्यानेही दिला. दोघांनाही रस्ता दिसला.