चेहरा साफ झाला, तरी गोळी चालूच

माझ्या जबड्यावर मुरुमांच्या गाठी झाल्या होत्या. इतक्या ठणकायच्या की कुशीवर झोपता येत नव्हतं. आमच्या धाड गावात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "अंगात गरमी आहे, तेल-तूप बंद कर." शेवटी आईसोबत एसटीने बुलढाण्याला त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल लिहून दिली आणि म्हणाल्या, "तेल-तूप असलेल्या जेवणासोबतच घे. उपाशीपोटी घेतली तर नीट अंगी लागत नाही." मला काही कळेना. मग उपवासाच्या दिवशी? "साबुदाण्याच्या खिचडीसोबत घे, कूट भरपूर घाल."

पुढचा प्रश्न आईला होता. "काकू, हिचं लग्न ठरलंय का?" आई दचकलीच. तोंडावरच्या फोडांचा लग्नाशी काय संबंध? मॅडमनी समजावलं. या औषधाने पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत. म्हणून आधी गर्भधारणेची तपासणी, सोबत लिव्हर आणि रक्तातल्या चरबीचीही. स्थळं बघणं सुरू होतं, ते आईने घरी येताच थांबवलं.

सुरुवातीला फोड उलट वाढले. ओठ इतके सुकले की भाकरीचा घास घेताना कोपरे चिरायचे. दोन्ही गोष्टी मॅडमनी आधीच सांगितल्या होत्या, म्हणून धीर धरला.

काही महिन्यांनी चेहरा साफ झाला. "आता कशाला गोळ्या खातेस?" असं घरीदारी सुरू झालं. मलाही तेच वाटत होतं. मॅडमना विचारलं, तर त्यांनी चिठ्ठीच्या मागे हिशोब मांडला. दर किलो वजनामागे एकूण 120 ते 150 मिलिग्रॅम औषध पोटात जावं, असा प्रचलित नियम आहे. 50 किलो वजन असेल तर किमान 6000 मिलिग्रॅम. रोज 20 मिलिग्रॅम घेतलं तर 300 दिवस. हे औषध त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी आकसवतं. एकूण मात्रा कमी पडली तर मुरुम उलटण्याची शक्यता वाढते. पूर्ण मात्रा घेऊनही काहींना ते पुन्हा येतात आणि दुसऱ्यांदा औषध घ्यावं लागतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

तो कागद मी जपून ठेवलाय. तुम्हाला हे औषध सुरू झालं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, "माझ्या वजनाला एकूण किती?" आकडा लिहून ठेवा. मैत्रिणीच्या गोळ्या घेऊ नका, स्वतःच्या तिला देऊ नका. आणि गोळी कधी बंद करायची ते आरशाला नाही, डॉक्टरांना ठरवू द्या.