चुकलेल्या नाण्याचे मोल

टांकसाळीतून निसटलेले सदोष नाणे सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. भाजीवाली ते घेते, बसवाहक पिशवीत टाकतो. एका रुपयाची चूक एका रुपयालाच खपते.

ही चूक घडते कशी? धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात आणि प्रत्येक चकती दोन साच्यांमध्ये दाबतात. पट्टी पुरेशी सरकली नाही, तर चकतीची कड चंद्रकोरीसारखी तुटते. चकती नीट बसली नाही, तर छाप एका अंगाला जातो. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले, तर पुढच्यावर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते.

रविवारच्या अर्पणाची मोजदाद करताना मी अशी नाणी न्याहाळतो. वर्षाखाली हिरा असला तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा; खूणच नसली तर कोलकाता. खूण नसणे हा दोष नव्हे, आणि झिजलेले किंवा ठेचलेले नाणे दुर्मिळ नव्हे. चूक टांकसाळीतच झालेली असावी लागते.

एकदा मोजणीस बसलेल्या वेदीसेवकाला छाप सरकलेला रुपया गवसला. खिशातला चांगला रुपया पुढे करून तो म्हणाला, "फादर, बदलून घेऊ? हिशेबात फरक पडणार नाही."

हिशेब बिनचूक होता. प्रश्न मात्र हिशेबाचा नव्हता. दुकानातून सुट्ट्या पैशांत आलेले नाणे ज्याचे त्याचे. अर्पणाची नाणी आपल्याकडे केवळ सोपविलेली असतात. त्यांचे अधिक मोल आपल्याला कळले, तर तेही सोपविलेल्या ठेवीतच जमा होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील मनुष्याला शेतात ठेव सापडली, तेव्हा त्याने सर्वस्व विकून ते शेतच घेतले. आमच्या मुलाची तयारी एका रुपयाची होती.

"मग शोधायचे कशाला?" त्याने काहीशा रागाने विचारले. त्याचा प्रश्न रास्त होता. ते नाणे नाणेसंग्राहकाला विकून आलेली रक्कम गरिबांच्या पेटीत टाकावी, असे मी त्याला सुचविले. तो नाखुशीनेच राजी झाला.

धर्मग्रामातही छाप सरकलेली माणसे असतात. व्यवहार त्यांना दर्शनी किमतीलाच घेतो, कधी तीही नाकारतो. त्यांचे खरे मोल ओळखणाऱ्याने त्या ओळखीचा लाभ स्वतःकडे ठेवू नये, एवढे तरी मेंढपाळाकडून अपेक्षित आहे.