जस्तप्पा

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं निघालं तरी जस्तप्पा भेटतोच. पत्र्याच्या दुकानात तो लोखंडी पत्र्यावर पातळ थर होऊन बसलेला असतो. इलेक्ट्रिकलवाल्याकडं टॉर्चच्या सेलचं कवच तोच. कृषी सेवा केंद्रात झिंक सल्फेटच्या पिशवीत, आणि मेडिकलमध्ये काउंटरच्या काचेखाली, चकचकीत पाकिटावर, वर ‘खास पुरुषांसाठी’ असं छापून. या चारही ठिकाणी गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा, माणूस एकच. लातूर-उदगीरकडं शिवाप्पा, नागप्पा घरोघरी आहेत, तसा हा जस्तप्पा. झिंक म्हणा, जस्त म्हणा, त्याची हरकत नसते. हरकत घेण्याचा स्वभावच नाही.

स्वभाव समजायचा तर आधी त्याचे शेजारी बघावेत. लोखंड आणि तांबं ही चंचल मंडळी. इलेक्ट्रॉन द्यायचा, घ्यायचा, परत द्यायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. याच देवाणघेवाणीवर आपला श्वास चालतो हे खरं. पण लोखंड शरीरात मोकळं सुटलं, तर त्यातूनच पेशी जाळणारी रसायनंही तयार होतात. जस्तप्पा या व्यवहारात पडत नाही. शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दोन इलेक्ट्रॉन सोडलेल्या त्याच एका अवस्थेत राहतो. लोखंड-तांब्याला बसायला मिळू नये अशा जागा धरून बसतो. छपरावर मात्र हाच माणूस उलटा वागतो. पाऊस लागला की लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो, आणि पत्रा वर्षानुवर्षं टिकतो.

आता मूळ मुद्दा, त्या ‘खास पुरुषांसाठी’ पाकिटाचा. शुक्राणू हा मोठा तेलकट प्राणी आहे. त्याचं आवरण लवचीक हवं, नाहीतर शेपूट हलायची नाही आणि बीजांडाशी एकरूपही होता यायचं नाही. म्हणून त्यात पातळ, असंतृप्त मेदाम्लं ठासून भरलेली असतात. घाण्यावरचं करडईचं तेल ज्यांच्या घरात येतं त्यांना पुढचं सांगायला नको. डबा उघडा राहिला की तेल खवट होतं. शुक्राणूचं आवरणही असंच खवटतं, आणि रसायन जवळपास तेच: ऑक्सिजनचे बेफाम झालेले रेणू मेदाम्लांवर तुटून पडतात आणि एक बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. आवरण कडक होतं, चाल मंदावते, आतला डीएनए तुटतो. शुक्राणूनं घडताना अंगातला बहुतेक पेशीरस टाकून दिलेला असतो. पळायला हलकं व्हायचं म्हणून. त्या पेशीरसाबरोबर दुरुस्तीची अवजारंही गेलेली असतात. ऑक्सिजन जास्त झाला की शुक्राणूंची हालचाल मंदावते हे जॉन मॅक्लिऑड यांनी 1943 मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे भारदस्त नाव पुढं रूढ झालं.

इथं जस्तप्पाची ड्यूटी लागते. प्रोस्टेट ग्रंथी त्याला इतकं साठवते की वीर्यात त्याचं प्रमाण रक्तद्रवाच्या मानानं शंभरेक पट भरतं. एवढा मान त्याला शरीरात फार थोड्या ठिकाणी आहे. शुक्राणूच्या डोक्यातली डीएनएची घडी आवळून धरायला तो मदत करतो. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज नावाचं विकर बेफाम ऑक्सिजनला पहिला अडवतं. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याचं काम 1969 मध्ये उलगडलं. त्यात प्रत्यक्ष हाणामारी तांबं करतं; जस्तप्पा तेवढा ढाचा उभा ठेवतो. नाव तांब्याचं होतं, होऊ दे. त्याचा एक अबोल साथीदारही आहे, सेलेनियम. शुक्राणूच्या मानेखालच्या भागात, जिथं ऊर्जा तयार होते, तिथल्या आवरणाचा मोठा हिस्सा सेलेनियमवाल्या प्रथिनाचाच असतो.

एक गोष्ट मात्र पाकिटावर कधी छापत नाहीत. हा बेफाम ऑक्सिजन थोडा लागतोच. त्याच्याशिवाय शुक्राणूला बीजांडात शिरण्याआधीची शेवटची तयारी करता येत नाही. समूळ नायनाट करायला गेलं तर कामच अडेल.

मराठवाड्यात जस्तप्पाची पंचाईत जमिनीपासूनच आहे. काळी, चुनखडीची, सामू आठच्या आसपास किंवा वर. अशा मातीत तो असतो, पण घट्ट धरून ठेवलेला. मुळाला सुटत नाही. त्यात वर्षानुवर्षं डीएपी ओतलं की स्फुरद त्याला आणखी दाबतं. माती परीक्षणात किलोमागं 0.6 मिलिग्रॅमच्या खाली उपलब्ध जस्त आलं की कमतरता धरतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी अहवालांत तो रकाना ‘कमी’ असाच येतो. शेतकऱ्याला हे पाठ आहे. दुकानदार विचारतो, “अप्पा, यंदा झिंक टाकलाव का?” अप्पा म्हणतात, “गेल्या साली टाकलतो की. माती तपासून बघतो आधी.” हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेटची शिफारस असते. माती तपासून जस्त टाकणाऱ्या या अप्पांच्या घरी लग्नाला सहा वर्षं झालेला मुलगा असेल, तर त्याची तपासणी मात्र झालेली नसते.

जस्तप्पा माणसात कमी पडला की काय होतं, हे कळायला 1958 साल उजाडावं लागलं, आणि तेही एका बिहारी डॉक्टरमुळं. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराझला होते. त्यांच्यापुढं एक 21 वर्षांचा तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. दाढी-मिशी नाही, जननेंद्रियांची वाढ नाही. खाणं बिनखमिराच्या रोट्या आणि माती. प्रसादांना संशय आला तो जस्तावर. पुढं इजिप्तमध्ये त्यांनी तो खरा करून दाखवला. जस्त दिल्यावर अशी मुलं उंच झाली, वयात आली. 1980 मध्ये त्यांच्याच गटानं अमेरिकेत पाच पुरुषांना काही महिने मुद्दाम कमी जस्ताचा आहार दिला. चौघांची शुक्राणूसंख्या घसरली. जस्त परत सुरू केल्यावर ती सावरली, पण त्याला सहा महिने ते वर्ष लागलं.

बिनखमिराची रोटी म्हटल्यावर आपल्याला भाकरी आठवणारच. ज्वारीत, डाळीत फायटेट असतं. ते आतड्यात जस्तप्पाचा हात धरतं आणि सोडत नाही. मांसातलं जस्त सहज अंगी लागतं, पण माळकऱ्याच्या आणि लिंगायताच्या घरात मटणाचा प्रश्नच नाही. भारतातल्या प्रौढ पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम जस्त लागतं असं आयसीएमआरनं 2020 मध्ये ठरवलं, ते असल्याच धान्यप्रधान ताटाकडं बघून. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या जोडीनं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी आणली. आणि जुनी युक्ती येळवशीच्या अंबिलात आहेच. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवलं की फायटेट सैल पडतं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी खाताना आणि वर ते आंबट अंबील पिताना फायटेटचा विचार कुणी करत नाही. आंबवायचं तेवढं आजीला माहीत होतं. मोड आलेल्या मटकीचंही तेच.

जस्तप्पाला खरा त्रास भाऊबंदांचा. आवर्तसारणीत त्याच्या बरोबर खालच्या घरात कॅडमियम राहतं. तोंडावळा इतका सारखा की शरीर फसतं आणि जस्ताच्या जागी त्याला बसवून घेतं. बसलं की ते काम करत नाही, उलट वाटोळं करतं. चेक संशोधक पारिझेक यांनी 1957 मध्ये दाखवलं की कॅडमियम टोचलेल्या उंदरांचे वृषण निकामी होतात, पण सोबत पुरेसं जस्त दिलं तर वाचतात. उंदरांना दिलेली मात्रा मोठी होती, हे खरं. पण मातीतलं कॅडमियम ओढून पानात साठवण्यात तंबाखूचा हात धरणारी पिकं थोडी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या वीर्यात बेफाम ऑक्सिजन जास्त सापडतो. आणि आपल्याकडं चुना लावून मळणारे जास्त. त्यांचीही सुटका नाही. वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या 638 भारतीय पुरुषांचा एक अभ्यास 2005 मध्ये छापून आला. तंबाखू जितकी जास्त चघळली, तितकी शुक्राणूंची संख्या आणि चाल कमी. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये नंबर लागायची वाट बघणारा नवरा बाहेर जाऊन एक बार भरून येतो आणि आत येऊन विचारतो, ताकदीची गोळी आहे का.

ती गोळी आहे. तिच्यात जस्तप्पा असतो, सेलेनियम, जीवनसत्त्व सी आणि ई, कार्निटिन, टोमॅटोतलं लायकोपिन, अशी सगळी वरात. 2020 मध्ये अमेरिकेत 2370 जोडप्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला: निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम जस्त आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. बाळं झाली अनुक्रमे 34 आणि 35 टक्के जोडप्यांना. गोळीवाल्यांत डीएनए तुटलेले शुक्राणू थोडे जास्तच निघाले, आणि पोटाच्या तक्रारीही. त्याच वर्षी सगळ्या वरातीसह केलेला दुसरा, लहान प्रयोगही असाच रिकामा गेला. छोटे-छोटे अभ्यास एकत्र मोजले तर थोडा फायदा दिसतो, पण भरवसा ठेवावा असे ते नाहीत. माझ्या मते यात जस्तप्पाचा काही दोष नाही. तो कमतरता भरून काढणारा माणूस आहे. जिथं तो पुरेसा आहे तिथं आणखी दहा जस्तप्पा आणून बसवले तर काम वाढत नाही, अडचण होते. दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर रोज गेलं तर तो तांब्यालाच शरीरात येऊ देत नाही. म्हणजे ज्याच्या जोडीनं पहारा द्यायचा त्यालाच दारात अडवतो.

येळवशीच्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं कंधारचा लाल कंधारी आणि लातूरकडचा देवणी, दोन्ही वळू रुबाबात उभे असतात. वळूची चर्चा अगदी उघड चालते: किती गाई गाभण राहिल्या, किती उलटल्या, वय काय, खुराक काय, मिनरल मिक्श्चर देता का. कृत्रिम रेतनासाठी वळूचं रेत उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. गोठवताना आणि वितळवताना त्यालाही ऑक्सिजनचा हाच तडाखा बसतो, म्हणून वितळवून, सूक्ष्मदर्शकाखाली चाल बघूनच रेताच्या कांड्या पास करतात. गाई उलटायला लागल्या तर माळेगावात कुणी एकट्या गाईला नावं ठेवत नाही. वळूही बघितला जातो, आणि त्यात कुणाची अब्रू जात नाही.

गावात परतल्यावर कायदा बदलतो. सून तीन डॉक्टरांकडं जाऊन आलेली, सोनोग्राफ्या झालेल्या, तुळजापूरला नवस बोललेला. मुलगा म्हणतो, “माझ्यात काय दोष नाही हो.” कशावरून, विचारलं की गप्प. खरं तर त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची: दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यायचा, तासाभरात तो बघितला जातो, कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा. व्हेरिकोसील म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा. त्या हातानं तपासूनही कळतात, आणि खवटपणाचं ते मोठं, दुरुस्त होणारं कारण आहे. जंतुसंसर्ग असेल तर त्याचा इलाज आहे. तंबाखू सुटली तरी नवा शुक्राणू पुरा घडायला अडीच महिने लागतात, त्यामुळं पंधरा दिवसांनी फरक शोधण्यात अर्थ नसतो.

अहवाल येतो तो एका पानाचा. प्रमाण, संख्या, चाल, आकार. संख्येपुढं मिलीलीटरला 16 दशलक्ष ही जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची रेघ. जस्तप्पाचं नाव त्यात कुठंच नसतं. वीर्यातलं जस्त नेहमीच्या तपासणीत मोजतच नाहीत. त्याला त्याचं काही वाटत नाही. नवरा मात्र कागद उलटसुलट करून बघतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि डॉक्टरांना म्हणतो, “ते जाऊ द्या सर. झिंकची गोळी कोणती घेऊ, तेवढं सांगा.”