सव्वा इंचाचा शिपाई

धाकट्याच्या घरात पाऊल टाकून तास झाला नसेल, तोच आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू बोल त्याच्याशी. तेहेतीस वर्षांचा घोडा आणि जेवायच्या टेबलावर बाहुल्या मांडून बसतो!"

माझा भाऊ इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गेल्या वर्षी आई आणि मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलो. आईने मेतकूट, गोडा मसाला, पुरणपोळ्या असं काय काय बांधून नेलं होतं आणि ते ठेवायला टेबलावर जागाच नव्हती. तिथे एक वाकणारा दिवा होता, भिंग होतं, रंगांच्या सत्तर-ऐंशी इवल्याशा बाटल्या होत्या आणि मध्यभागी बुचावर चिकटवलेला एक शिपाई होता. उंची सव्वा इंच.

"येत्या रविवारी याची स्पर्धा आहे," तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, खेळण्यातल्या शिपायाला रंग देण्याची कसली आलीय स्पर्धा? मीही हसलेच होते. पण पत्रकारितेचा डिप्लोमा केलेल्या माणसाला खोड असते, हसून झालं की प्रश्न विचारायचे. त्यातून जे कळलं ते असं.

हा नाद इंग्रजांचा जुना. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले आणि ते घराघरांत पोचले. लेखक एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली अशा शिपायांच्या लुटुपुटीच्या लढायांचे नियम सांगणारं एक अख्खं पुस्तकच लिहिलं. पुढे लढाया बाजूला राहिल्या आणि रंगवणं हीच काहींची साधना झाली. नॉटिंगहॅमच्या 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीची 'गोल्डन डीमन' ही स्पर्धा १९८७ पासूनची. प्रत्येक गटात सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा राक्षसाच्या छोट्या मूर्ती बक्षीस देतात आणि सगळ्यांत जो श्रेष्ठ, त्याला चक्क तलवार! खरीखुरी, हातात धरण्याएवढी. त्या तलवारीसाठी लोक एकेका बोटभर पुतळीवर शंभर-दोनशे तास घालवतात. अमेरिकेत शिकागोजवळ 'क्रिस्टल ब्रश' नावाची स्पर्धा काही वर्षं चालली. तिचं पहिलं बक्षीस दहा हजार डॉलर होतं. ती आता बंद आहे. तलवारीची स्पर्धा मात्र चालू आहे. दहा हजार डॉलरपेक्षा तलवार टिकली, याची मला गंमत वाटली.

आई दोन दिवस फुरंगटून होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडायला म्हणून त्याच्या समोर येऊन बसली आणि मग हळूहळू तिची मान पुढे यायला लागली.

रंग वाळू नये म्हणून तो डबीत ओला स्पंज ठेवतो, त्यावर बेकिंगचा कागद आणि कागदावर रंग. "म्हणजे पोळ्यांच्या डब्यातल्या ओल्या फडक्यासारखंच की!" आई म्हणाली. रंगात पाणी घालून तो दुधाइतका पातळ करतो आणि एकावर एक असे पंधरा-वीस थर देतो. एक वाळला की दुसरा. कुंचला सायबेरियातल्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा. या जातीच्या कुंचल्यांची एक नामांकित मालिका १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून तयार झाली म्हणे. त्याचं टोक अणकुचीदार राहावं म्हणून धाकटा तो मधूनमधून ओठांत धरतो. ते पाहून आई किंचाळली, "ईऽ! कुठल्या जनावराचे केस तोंडात घालतोस!"

शिपायाचं चिलखत सोन्याचं दिसत होतं. पण टेबलावर सोनेरी रंगाची बाटलीच नव्हती. तपकिरी, पिवळा आणि पांढरा, एवढ्यातूनच त्याने झळाळी आणली होती.

"का रे? इथे सोनेरी रंग मिळत नाही?"

"मिळतो गं आई. पण तो लावला तर चमक दिव्याप्रमाणे हलते. अशी रंगवली की मी ठेवीन तिथेच राहते."

यावर आई गप्प झाली. तिचं माहेर पेणचं. गणपतीचे कारखाने पाहत ती मोठी झालेली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. तू तर डोळे आधीच करून बसलास!"

"आधी केले म्हणजे चुकले तर पुसता येतात," तो म्हणाला. "शेवटी चुकले तर सगळंच गेलं."

आता मला एक कबुली द्यायची आहे. धाकटा आठवीत असताना एलिमेंटरीच्या चित्रकलेच्या परीक्षेत नापास झाला होता. मला त्याच परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली होती, पुढे इंटरमीजिएटलाही. त्याचा निकाल आला तेव्हा घरात पाहुणे होते आणि तो मी मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. त्यानंतर त्याला हातात कुंचला घेतलेला मी पाहिला नाही. आणि माझं काय? दोन 'ए' ग्रेड मिळवून मीही पुन्हा कधी कुंचला हातात धरला नाही. प्रमाणपत्रं आईच्या कपाटात आहेत.

रविवारी आम्ही तिघं स्पर्धेला गेलो. एका शाळेचा हॉल, लांबच लांब टेबलं, काचेची कपाटं. परीक्षक हातात छोटी टॉर्च घेऊन एकेका शिपायाभोवती फिरत होते, नाकावर चष्मा सरकवत. ही स्पर्धा 'ओपन' पद्धतीची होती. म्हणजे पहिला-दुसरा क्रमांक नाही. तुमचं काम ठरलेल्या दर्जाला उतरलं तर सुवर्ण, थोडं कमी तर रौप्य, मग कांस्य. दहा जण उतरले तर दहांना सुवर्ण, कुणीच नाही तर कुणालाच नाही. मला वाटलं, ही तर आपल्या एलिमेंटरीच्या ग्रेडचीच रीत.

धाकट्याला कांस्य मिळालं. आदल्या वर्षी काहीच मिळालं नव्हतं. तो पदक खिशात टाकून थेट एका वयस्क परीक्षकांकडे गेला आणि काय कमी पडलं ते विचारलं. त्यांनी दहा मिनिटं टॉर्च धरून दाखवलं. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून पडतोय आणि अंगरख्यावर डावीकडून. "एकाच सूर्याखाली उभा आहे ना हा?" ते म्हणाले. धाकटा हसत परत आला. पदक मिळालं तेव्हाही तो इतका हसला नव्हता.

आई प्रदर्शन बघत फिरत होती, तेवढ्यात आम्ही दोघं चहा घेत बसलो. आणि अगदी सहज, साखर ढवळता ढवळता तो म्हणाला, "ताई, दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली होती. चार महिने घरी होतो. तुम्हाला सांगितलं नाही."

त्या चार महिन्यांत दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. दर रविवारी मी विचारायचे, "काम काय म्हणतंय?" तो म्हणायचा, "चाललंय." एका दुकानाच्या काचेत त्याला हे शिपाई दिसले होते. रात्री झोप येत नसे, तेव्हा एक डोळा, एक बटण, एक नख असं रंगवत बसायचा. "अर्ज पाठवले तर उत्तर यायचं नाही," तो म्हणाला. "याचं तरी सकाळी उठल्यावर काहीतरी झालेलं दिसायचं."

मला काय बोलावं सुचेना. बोलले ते भलतंच. "अरे, त्या एलिमेंटरीच्या निकालाचं… मी तेव्हा फार वाईट वागले."

"कोणी वाचला होता निकाल? तू?" तो विचारात पडला. त्याला ते खरंच आठवत नव्हतं. "मला फक्त स्मरणचित्राचा पेपर आठवतो. भाजीबाजार काढायचा होता. मी चाळीस माणसं काढली होती, ताई. तराजू, वजनं, एका बाईच्या पिशवीतली मेथीसुद्धा. एवढी बारीक काढली होती की परीक्षकांना दिसलीच नसणार!"

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती मावशीशी फोनवर बोलत होती. भारतात रात्रीचे दहा वाजून गेले होते, पण तिला धीर नव्हता.

"अगं, तिसरा आला आपला! हो, साहेबांच्या देशात! नाही गं, बाहुल्या कुठल्या, मूर्तिकामच म्हणायचं ते…"

"आई, तिसरा नाही, तिथे नंबर नसतात," धाकटा म्हणाला.

आईने फोनवर हात ठेवला आणि आम्हा दोघांना गप्प बसायची खूण केली.